पगारात घर होतं का?

लातूरच्या कापड बाजारात दुकानातल्या नोकरानं घर बांधलं की लोकांना त्याची दोनच कारणं सुचतात. एक, सासऱ्यानं दिलं. दोन, गल्ल्यातून मारलं. माझे सासरे उमरीला आडत दुकानात पोती उचलायचे आणि त्यांच्या घरी दिवाळीला तेलाचा डबा मीच घेऊन जायचो. म्हणजे पहिलं कारण बाद. राहिलं दुसरं. ते माझ्या तोंडावर म्हणायला लोकांना एकवीस वर्षं लागली, आणि म्हटलं तेही दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सगळ्या नोकरांसमोर. मी हे लिहितोय कारण बाजारात अजून काही जण मला बघून भुवया उडवतात आणि मला त्याचा राग येतो. राग गिळायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

मी मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा. वडील बाजारात गोणपाटावर मिरची-हळद विकायचे. बारावीला इंग्रजीत उडालो आणि कुणाच्या तरी ओळखीनं लातूरला साड्यांच्या दुकानात लागलो. पगार अठराशे. पहिलं वर्षभर काम एकच, घड्या घालायचं. बाई साडी एक घेते आणि बघते पन्नास. उरलेल्या एकोणपन्नास साड्या काठावर काठ ठेवून, कारखान्यातून आल्या तशा दिसतील अशा परत कपाटात गेल्या पाहिजेत. हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे दुकानातले सगळ्यांत जुने सेल्समन. ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते, पण मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मालकांना आम्ही अप्पा म्हणायचो.

अप्पा माणूस चांगला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना लबाड ठरवाल आणि ते खरं नाही. नोकराच्या घरी मयत झाली तर पहिली गाडी अप्पांची यायची. नोकराच्या पोरीचं लग्न निघालं की लग्नाचा सगळा बस्ता, नवरीच्या शालूपासून करवलीच्या परकरापर्यंत, ते खरेदीच्या भावात बांधून द्यायचे. आणि त्यांच्या दुकानात एक रीत होती, बाजारात बऱ्याच ठिकाणी होती तशी. दिवाळीचा बोनस हातात घ्यायचा नाही. अप्पा एकेकाचं नाव घेऊन आकडा सांगायचे. आपण जाऊन पाया पडायचं आणि म्हणायचं, "राहू द्या तुमच्यापाशी." त्याचा कागद नाही, चिठ्ठी नाही, सगळा हिसाब अप्पांच्या डोक्यात. घरात काही निघालं की जाऊन सांगायचं, मग अप्पा द्यायचे. मामांचे तर नोकरीला लागल्यापासूनचे पैसे तिथंच होते. "बँक बुडंल, अप्पा न्हाई बुडायचे," असं ते छाती काढून सांगत. मीही तीन दिवाळ्या पाया पडलो आणि म्हणालो, राहू द्या.

चौथ्या वर्षी बायकोचं पहिलं बाळंतपण होतं. ती रीतीप्रमाणे माहेरी उमरीला गेली होती. एके दिवशी दुपारी दुकानाच्या फोनवर निरोप आला की तिला नांदेडला हलवलंय, सिझर करावं लागेल, पैसे घेऊन या. मी अप्पांकडे गेलो. समोर गादीवर एक लग्नघर बस्ता बांधायला बसलेलं होतं.

"कशाला पाहिजेत?" अप्पांनी विचारलं.

मी हळूच सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. परत मोठ्यानं सांगितलं, मग सगळ्यांनाच ऐकू आलं.

"सिझरच कशापायी? आजकाल डॉक्टर उगीच कापतेत. थांब, माझ्या ओळखीचा हाय एक, त्याला इचारतो."

अर्धा तास फोन लागला नाही. शेवटी त्यांनी निम्मे पैसे दिले आणि म्हणाले, "सगळे एकदम नेऊन काय करतूस? पैसा हातात आला की माणूस उधळतो." बस्त्याला आलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "लई दयाळू मालक मिळालाय बाबा तुला." मी अप्पांच्या पाया पडलो. माझ्याच पैशासाठी पडलो, आणि वर डोळ्यांत पाणी आणून पडलो.

अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली तेव्हा सासूबाईंच्या गळ्यातली बोरमाळ सोनाराकडे गेली होती. ती पुन्हा कधी परत आली नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. दुसऱ्या दिवशी बायकोनं खाटेवर पडल्या पडल्या विचारलं, "तुमच्या मालकाकडं पैसे होते ना आपले?"

"हाव."

"मग मायची माळ कशापायी मोडली?"



त्या दिवाळीला अप्पांनी माझं नाव घेतलं, आकडा सांगितला. मी पाया पडलो आणि हात पुढं केला. सगळं दुकान माझ्या हाताकडे बघत होतं. अप्पा म्हणाले, "विश्वास न्हाई का रं?"

"विश्वास हाय अप्पा. गरज बी हाय."

त्यांनी पाकीट दिलं. जुन्या तीन दिवाळ्यांचे निम्मे पैसे अजून त्यांच्याकडेच होते, ते मागायचं धाडस मात्र झालं नाही. मामा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू अप्पाची बेइज्जती केलीस." त्या दिवसापासून मी एकही रुपया पेढीवर ठेवला नाही. आता हे पैसे ठेवायचे कुठं, हे मला ठाऊक नव्हतं. मुरुडला आमच्या घरी पैसा डाळीच्या डब्यात राहायचा आणि तिथून आठवड्याच्या आत निघून जायचा.

माझी शाळा झाली ती कंटाळलेल्या नवऱ्यांची. साड्यांच्या दुकानात बायका दोन दोन तास रमतात आणि नवरे कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर जांभया देत बसतात. त्यांना पाणी द्यायचं, चहा सांगायचा, म्हणजे ते उठून "चल गं" म्हणत नाहीत, हे सेल्समनचं कामच. मी पाणी द्यायचो आणि विचारायचो, "साहेब, पगाराचं काय करता?" पहिल्यांदा माणूस चमकायचा. मग सांगायला लागायचा. दोन तास त्याला दुसरं काम तरी काय असायचं? एका मुख्याध्यापकांनी पोस्टातलं महिन्याचं खातं सांगितलं. पगार झाला की आधी पोस्ट, मग किराणा, असा क्रमही त्यांनीच लावून दिला. एका बँकेतल्या साहेबांनी, त्यांची मंडळी मुलीच्या लग्नाच्या साड्या चार वेळा बदलून घेत होती त्या चार खेपांत मिळून, मला म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता म्हणजे काय ते समजावून दिलं. आणि एका तलाठ्यानं मला वाचवलं. तेव्हा मी शहराबाहेर एक प्लॉट बघून ठेवला होता. साधा बॉण्ड करून, रजिस्ट्री न करता, स्वस्तात मिळत होता. आमच्याकडे निम्मे लोक असेच घेतात. तलाठी साहेब खुर्चीत सरळ झाले.

"बॉण्डवर घेऊ नको बाबा. त्या कागदावर चिवडा खावा, घर बांधू नये. सातबारा बघ, मंजूर लेआउट बघ, रजिस्ट्री कर. दोन वर्षं उशीर झाला तरी चालंल."

दोन नाही, पाच वर्षं उशीर झाला. झाला तर झाला.

बायकोनं त्याच काळात जुनी शिलाई मशीन घेतली. आमच्या दुकानातून विकलेल्या साड्यांना फॉल लावायचं, पिको करायचं काम तिला मिळायला लागलं. मी रोज सायकलला पिशवी अडकवून साड्या घरी आणायचो आणि तयार झालेल्या घेऊन जायचो. पोस्टाचे माझे दोनशे आणि तिचे शंभर असं सुरू झालं. पगार वाढला की आम्ही आधी हप्ता वाढवायचो, घरातलं तेल-साखर होतं तेवढंच ठेवायचो. लोक चिंगूस म्हणायचे. म्हणोत. बाजारातली माझ्या बरोबरीची माणसं हप्त्यावर गाड्या घेत होती. दोघांनी पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या एका माणसाच्या हाती दिले आणि तो माणूस एका पावसाळ्यात गायब झाला. ते दोघेसुद्धा मला चिंगूस म्हणत. टाळेबंदीत दुकान बंद पडलं, पगार निम्मा झाला आणि फंडाचा आकडा असा घसरला की मी कागद उघडायचाच बंद केला. बँकेतल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हप्ता कमी कर, पण थांबवू नको." मी पाचशेवर आणला, थांबवला नाही. बायको त्या काळात मास्क शिवत होती.

मी सगळं बरोबर केलं असं म्हणत नाही. पोरगी सहावीत असताना शाळेची सहल माहूरला निघाली होती. दोनशे रुपये भरायचे होते. मी नाही म्हणालो. ती रडलीही नाही, नुसती वही उघडून बसली. दोनशे रुपयांनी माझं घर अडलं नसतं. ते चुकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक मात्र तेव्हा शहाणपणाची वाटत होती. हे सगळं मी कुणालाच सांगितलं नाही. भावाला नाही, मामांना नाही, दुकानात तर कुणालाच नाही. आमच्याकडे पगारदाराचा पैसा म्हणजे गावातली विहीर, ज्याला तहान लागेल त्यानं बादली सोडावी. म्हणून मी विहीर आहे हेच लपवलं. फाटक्या चपला घालून हिंडलो, विचारलं तर "भागत न्हाई" म्हणालो. इतकं चांगलं लपवलं की घर उभं राहिलं तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखं दिसलं.

घर म्हणजे काय, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि लातूरच्या नळाचा भरवसा नसल्यामुळे अंगणाखाली चांगला मोठा हौद. प्लॉटची रजिस्ट्री दोघांच्या नावानं झाली. मग एका वर्षी हौद आणि पाया, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी स्लॅब. वास्तुशांतीची पहिली पत्रिका अप्पांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"कुणाचं घर?"

"माझं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पत्रिका गल्ल्याखाली सरकवली.

त्या वेळेपर्यंत अप्पांचा मुलगा दुकान बघायला लागला होता. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणायचो. पुण्यात शिकून आले होते. त्यांनी कम्प्युटर बसवला, प्रत्येक साडीला स्टिकर लावलं, हे चांगलंच केलं. लगीनसराईच्या तोंडावर त्यांनी माल मोजला तर तीन पैठण्या कमी. एकेक पैठणी माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग. पत्रिका देऊन चार दिवस झाले होते.

त्यांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. अप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. धाकटे मालक इकडचं तिकडचं बोलले आणि मग माझ्याकडे वळले.

"काका, पगार किती आहे तुमचा?"

"साडेसोळा."

"पगारात घर होतं का?"

कुणीतरी खाकरलं. मी अप्पांकडे बघितलं. एकवीस वर्षं हा माणूस मला ओळखत होता. मी त्यांच्या घरची लग्नं बघितली होती, त्यांच्या आईला खांदा दिला होता. अप्पा स्वतःच्या हाताची नखं बघत होते. धाकट्या मालकांचं मला फार वाटलं नाही, ते काल आलेले. ते नखं बघणं मात्र मी अजून विसरलेलो नाही.

"होतं," मी म्हणालो.

"कसं काय?"

"तुम्हाला कशाला सांगू?"

आणि मी जिना उतरून थेट घरी आलो. भर दुपारी मला दारात बघून बायकोनं मशीन थांबवली. मी सांगितलं. ती उठली आणि दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली. पोस्टाची पुस्तकं, बँकेची पुस्तकं, फंडाचे कागद, सिमेंटच्या पावत्या, सगळं वर्षावार बांधून ठेवलेलं.

"चला, दाखवू तोंडावर."

"न्हाई. मी चोर न्हाई हे मी कशापायी सिद्ध करू? ज्यानं आळ घेतला त्यानं सिद्ध करावं."

"काय बोलून राहिले तुम्ही? घर तुमच्या एकट्याचं हाय का?"

"इज्जत माझी गेली."

"तुमची एकट्याची? त्या स्लॅबमधी माझे फॉल हायत. तुम्ही चोर ठरले तर मी चोरीच्या घरात राहून राहिले असं होतं. तुमचा ताठा तुमच्यापाशी ठेवा, माझ्या कामाला डाग नको."

मी तिच्यावर ओरडलो. कागद दाखवणं म्हणजे त्यांना मला तपासायचा हक्क देणं, असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकरी खाल्ली, लग्नातली साडी नेसली, पिशवीत कागद भरले आणि निघाली. मी चपला घालत तिच्यामागं धावलो.

ती दुकानात गेली आणि गिऱ्हाइकासारखी गादीवर मांडी घालून बसली. अप्पा समोरच होते. धाकटे मालक कम्प्युटरवरून उठले. "बोला ताई, काय दाखवू?"

"मीच दाखवायला आले."

आणि तिनं एकेक पुस्तक पिशवीतून काढून गादीवर उघडून मांडलं. आम्ही साडी उलगडून पदर गिऱ्हाइकाकडे करतो तसं प्रत्येक पुस्तकाचं तोंड तिनं त्यांच्याकडे केलं. "हे पोस्टाचं पहिलं. दोनशे रुपये ह्यांचे, शंभर माझे. हे दुसरं. हे टाळेबंदीतलं, पाचशे. ही प्लॉटची रजिस्ट्री. ही लोखंडाची पावती. घ्या, हातात घ्या." धाकट्या मालकांनी दोन पुस्तकं उचलली, पानं उलटली, परत ठेवली. तिसऱ्याला हात लावला नाही.

"झालं आमचं," ती म्हणाली आणि अप्पांकडे वळली. "आता तुमचं दाखवा. ह्यांच्या पहिल्या तीन दिवाळ्यांचे निम्मे पैसे तुमच्याकडं हायत. त्याचा कागद?"

अप्पा म्हणाले, "ते माझ्या ध्यानात हाय, बाई."

"आमचं बी नुसतं ध्यानातच असतं तर आज आम्ही चोर झालो असतो."

मामांच्या हातात अर्धी घातलेली घडी तशीच राहिली. अप्पांनी गल्ला उघडला आणि पैसे मोजले. इतकी वर्षं जो आकडा मी मनात धरून होतो तोच निघाला, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. त्या माणसानं खरंच सगळं लक्षात ठेवलं होतं. त्यानं माझा राग कमी व्हायला हवा होता, पण उलट वाढला. त्यांना पक्कं ठाऊक होतं की हे पैसे माझे आहेत, आणि तरी मला हात जोडायला लावलं होतं. बायकोनं पैसे पिशवीत घातले. पाया पडली नाही.

"ठीक आहे काका, विषय संपला," धाकटे मालक म्हणाले. "लागा कामाला."

"जिथं इचारलं तिथंच सांगा," मी म्हणालो. "वर, सगळ्यांसमोर. ह्यानं काही घेतलं न्हाई म्हणून."

ते हसले. "आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

"तोंडानं चालंल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर घरी बसतो."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. पोस्ट आणि फंड मिळून चौदा महिने घर चालेल एवढं माझ्याकडे होतं, हा हिसाब मला तोंडपाठ होता. लोकांना मी सांगत आलो की पोरीच्या शिक्षणासाठी साठवतोय, म्हातारपणासाठी साठवतोय. ते खोटं नव्हतं. पण मालकाला "घरी बसतो" म्हणता यावं, यासाठीही साठवलं होतं हे मला तिथं उभं राहून कळलं. ऐन लगीनसराईत मी दुकानातून निघालो.

नऊ दिवस घरी बसलो. रिकामा वेळ काढायचा कसा हे मला येतच नाही. हौद धुतला, कुंपणाला तार लावली, मग बायकोकडून फॉल लावायला शिकलो. मी घातलेले टाके ती उसवून परत घालायची. "तुमच्यापायी गिऱ्हाईक जाईल," म्हणायची. समोरच्या दुकानातून निरोप आला, हजार जास्त देतो, या. मी थांबलो. मला दुसरी नोकरी नको होती, माझ्यावरचा आळ जिथं घेतला तिथंच धुवून हवा होता.

वास्तुशांती त्याच दिवसांत होती. दुकानातले फक्त मामा आले. जेवण झाल्यावर हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैठण्या सापडल्या."

"कुठं?"

"अप्पानंच दिल्या हुत्या. लेकीच्या सासरी लगीन झालं न्हवं, त्या आहेरात. पोराला सांगायचं राहिलं. अप्पाच्या डोक्यात हुतं, कम्प्युटरला कुठं दिसणार? चार दिस झाले आठवून."

"चार दिवस? मग?"

"मग काय, दोघं बी गप हायत. मला म्हणले, त्याला सांगा, दोन हजार वाढवतो, ये म्हणावं."

"मामा, मला दोन हजार नको."

"येडा हाईस का? महिन्याला दोन हजार!" मामांना खरंच कळेना. बायकोही त्या दिवशी फिरली. म्हणाली, "आता जावा. माझं मी दाखवून आले, पैठण्या सापडल्या, बाजाराला कळेलच. अजून काय पाहिजे?" मला काय पाहिजे ते मी सांगून आलो होतो. तेवढंच पाहिजे होतं, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला. "ये. वर बोलावलंय सगळ्यांना."

मी गेलो. सगळे तसेच उभे होते. अप्पा त्याच खुर्चीवर होते. धाकट्या मालकांच्या हातात मोबाईल होता आणि नजर मोबाईलवर. एका दमात म्हणाले, "काकांनी काही घेतलं नव्हतं, आपलीच नोंद राहिली होती, चला, खाली गिऱ्हाईक आहे." दोघंतिघं जिन्याकडे वळलेसुद्धा.

मी जागचा हललो नाही.

"मामाला ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो. "परत म्हणा."

मामांचे कान ठणठणीत होते. खाली दारात बाई कुजबुजली, "जरा महाग वाटतं," तरी त्यांना गादीवर ऐकू यायचं. धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बापाकडे बघितलं. मलाही बघायचं होतं अप्पा काय करतात ते. अप्पांनी मान वर केली आणि म्हणाले, "म्हण."

धाकट्या मालकांनी मोबाईल खिशात घातला. माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "काकांनी दुकानातलं काही घेतलेलं नाही. मी चुकीचं बोललो."

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

"आलं ऐकू," मामा म्हणाले. मग ते अप्पांच्या खुर्चीपाशी गेले. मला वाटलं, आता पाया पडतील. ते पडले नाहीत. ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अप्पा, आता माझे बी पैसे काढा. सगळे."